पहिली काठी, पहिले चाक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत तंजावर येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर सरस्वती महालातील हस्तलिखिते, बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास, सरफोजीराजांचा ग्रंथसंग्रह अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्या पंगतीत गळाच्या काठीने पाट मांडून बसावे, हे काही ज्येष्ठांना रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. सभागृहातील निम्म्याहून अधिक मंडळींच्या घरी मासा शिजत नाही, हेही आम्ही जाणतो. तरीही हा विषय आम्ही पत्करला, त्याचे कारण मंडळातील तरुण मुलेमुली आहेत. येत्या सुट्टीत नीलगिरीवर जाऊन कृत्रिम माशीने मासा धरण्याची विद्या शिकावी, असे त्यांनी मनात घेतले आहे. एकाने पहिल्या पगारातून पैसे बाजूला ठेवले आहेत, एका मुलीने बक्षिसाची रक्कम राखली आहे, आणि त्यांचे आईवडील आम्हांस विचारीत आहेत की, काठी कोणती घ्यावी, चाक कोणते घ्यावे, आणि हे सगळे माळ्यावर तर जाऊन पडणार नाही ना? शेवटचा प्रश्न सर्वांत शहाणपणाचा आहे. या छंदाची पुष्कळशी उपकरणे खरोखरच माळ्यावर जातात, आणि त्यांपैकी बरीचशी पहिल्या खरेदीच्या दिवशीच तिकडे निघालेली असतात.

प्रथम ही विद्या आहे तरी काय, ते सांगितले पाहिजे. मराठीत मासा आणि माशी हे शब्द सख्ख्या बहिणभावांसारखे आहेत. येथे माशी दाखवून मासा धरावयाचा असतो. ही माशी खरी नव्हे. लहानशा गळावर पिसे, लोकर, रेशीम गुंडाळून केलेली ती एक आकृती असते. तिला वजन असे जवळजवळ नसतेच. आपल्या वेण्णारच्या काठावर बसलेला मुलगा गांडूळ लावलेला गळ फेकतो, तेव्हा दोरीच्या टोकाशी बांधलेले शिशाचे वजन पुढे जाते आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. चिमूटभर पिसाला असे फेकता येत नाही. म्हणून येथे वजन दोरातच घातलेले असते. जाडसर, मऊ वेष्टनाचा तो दोर काठीच्या लवचीकपणाने मागे उलगडतो, पुन्हा पुढे उलगडतो, आणि सरतेशेवटी पाण्यावर अलगद पडतो. गाडीवानाचा आसूड ज्यांनी पाहिला आहे त्यांस ही क्रिया समजावयास वेळ लागणार नाही. फरक एवढाच की, आसुडाचा आवाज व्हावा लागतो आणि येथे आवाज झाला तर ती चूक समजली जाते.

ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे खरेदीचा अर्धा प्रश्न सुटतो. बाजारात जाणारा नवशिका आधी काठी पाहतो, मग चकाकणारे चाक पाहतो, आणि उरलेल्या पैशांत जो मिळेल तो दोर घेतो. आमच्या मते हा क्रम अगदी उलटा आहे. आधी पाणी ठरवावे, मग मासा, मग दोर, मग त्या दोराला साजेशी काठी, आणि सर्वांत शेवटी चाक.

हा छंद साहेबांबरोबर आला, असे आपण समजतो. ते निम्मेच खरे आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, हा जुना उल्लेख ज्या ग्रंथातून आपले अभ्यासक देतात, तोच हा ग्रंथ. त्याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये ‘मत्स्यविनोद’ असे एक प्रकरण आहे. मासे कोणते, ते कोठे राहतात, त्यांना कोणते आमिष चालते, काठी कशी असावी, दोरी कशाची असावी, याचा त्यात पद्धतशीर विचार आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून ते आधुनिक वाचकांपुढे आणले. राजाने गळ टाकीत बसावे आणि त्याचे शास्त्र लिहून ठेवावे, ही गोष्ट आपल्या भूमीत साडेआठशे वर्षांहून जुनी आहे.

साहेबांचा वाटाही मोठा आहे, आणि त्यात तंजावरचे नाव येते. मद्रास मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस हे दक्षिण कानडा जिल्ह्याचे, आणि तंजावरचेही, कलेक्टर होते. ‘द रॉड इन इंडिया’ हे त्यांचे पुस्तक १८७३ साली मंगळूर येथे छापले गेले आणि पुढे त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. तलावांतील मासेमारीवर त्यांनी १८८७ साली वेगळे पुस्तक प्रसिद्ध केले. ज्या जिल्ह्यात पावलोपावली पुष्करिणी आणि कालवे आहेत तेथे काम केलेल्या माणसाने तलावांवर लिहावे, यात नवल नाही. नीलगिरीवर विलायती ट्राउट मासा वसविण्याचे पहिले प्रयत्न फ्रान्सिस डे यांनी १८६०च्या दशकात केले. ते फसले. १९०७च्या सुमारास एच. सी. विल्सन यांच्या खटपटीने अव्हलांच येथे अंडी उबविण्याचे केंद्र निघाले आणि तेव्हापासून हा मासा त्या थंड ओढ्यांत टिकून आहे. आपली मुले ज्या पाण्यावर जाणार ते हे पाणी.

आता दोराकडे येऊ. माशीच्या दोराला क्रमांक असतो, आणि त्याच क्रमांकाची काठी घ्यावयाची असते. हा क्रमांक लांबीचा किंवा ताकदीचा नाही. तो वजनाचा आहे. पूर्वी दोर रेशमाचे असत. त्यांची जाडी सांगितली की वजन आपोआप कळे, म्हणून जाडीवरून त्यांना अक्षरे दिली होती. पुढे नायलॉन आणि प्लॅस्टिक आले, सारख्या जाडीचे दोर कमीअधिक वजनाचे निघू लागले, आणि अक्षरांचा अर्थ उरला नाही. १९६१ साली अमेरिकेतील उत्पादकांनी नवी पद्धत ठरविली. तीनुसार दोराच्या टोकाकडील पहिल्या ३० फुटांचे वजन ग्रेनमध्ये करावयाचे आणि त्यावरून क्रमांक द्यावयाचा. ५ क्रमांकाचा दोर १४० ग्रेनचा, ६ क्रमांकाचा १६० ग्रेनचा, ८ क्रमांकाचा २१० ग्रेनचा.

ग्रेन हे माप नव्या मुलांस परके वाटेल. आमच्या पिढीला मात्र सोनाराचा ताजवा आठवतो. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, आणि तोळ्याचे बारा मासे. म्हणजे एक मासा १५ ग्रेनचा. या हिशेबाने ८ क्रमांकाचा दोर बरोबर चौदा मासे भरतो आणि ५ क्रमांकाचा नऊ माशांहून थोडा अधिक. मासे धरण्याचा दोर माशांतच तोलावा, हा योग मराठीखेरीज अन्य भाषेत जुळणार नाही. विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा असा की, तोळाभर वजन काठीला वाकवते, आणि वाकलेली काठी सरळ होताना त्या तोळ्याला पुढे फेकते. नऊ माशांसाठी केलेल्या काठीवर चौदा मासे घातले तर ती वाकूनच राहते. चौदा माशांच्या काठीवर नऊ मासे घातले तर ती वाकतच नाही. दोन्ही प्रकारांत नवशिक्याला वाटते की, आपल्या हातातच काही खोट आहे. मंडळाच्या एका कुटुंबात असाच एक संच आलेला आम्ही पाहिला. ३ क्रमांकाची काठी, ८ क्रमांकाचा दोर, आणि वर ‘नवशिक्यांसाठी परिपूर्ण’ अशी चिठ्ठी. विकणाऱ्याचे नाव आम्ही घेत नाही. त्या घरच्या मुलाने तीन रविवार प्रयत्न करून काठी ठेवून दिली. आमच्या हाती ती आली असती तर आम्हीही तेच केले असते.

मग क्रमांक कोणता घ्यावा? नीलगिरीच्या ओढ्यांतील ट्राउट सहसा लहान असतो. त्याला ४ किंवा ५ क्रमांक पुरेसा. पण तंजावरचे मूल वर्षातून एकदा डोंगरावर जाणार आणि उरलेले अकरा महिने सपाटीवर राहणार. येथे तलावांत मराठीत ज्याला चिलापी म्हणतात तो तिलापिया आहे. मूळचा आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली आपल्या देशात आणला गेला आणि आता नको तितका झाला आहे. पाणवनस्पतींत दबा धरून बसणारा मरळ आहे. खाडीच्या तोंडाशी जिताडा आहे. जिताड्याला ८ किंवा ९ क्रमांक लागतो. पहिल्या काठीने तो विचार करू नये. वाऱ्याचाही हिशेब धरावा लागतो. कावेरीच्या मोकळ्या खोऱ्यात आषाढात जो पश्चिमेचा वारा सुटतो त्यात हलका दोर पुढे जातच नाही. या सर्वांचा विचार करून आमचे मत असे झाले आहे की, आपल्या मुलांनी ९ फुटी, ६ क्रमांकाची काठी घ्यावी. दहाबारा वर्षांच्या मुलाला ८ फुटी, ५ क्रमांकाची चालेल. ट्राउटसाठी ६ क्रमांक थोडा जड आहे, असे नीलगिरीवरील जाणते म्हणतील. म्हणोत. ते वर्षभर नीलगिरीवरच राहतात.

हलकी काठी घेऊ नये, याला आणखी एक कारण आहे आणि ते आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्यापैकी बहुतेक मुले मासा धरून परत सोडणार आहेत. शाकाहारी घरांतून ही परवानगी मिळाली तीच त्या अटीवर. पण मासा सोडला म्हणजे तो जगला, असे नव्हे. नाजूक काठीवर मोठा मासा लागला की त्याला ओढून आणण्याची ताकद काठीत नसते. मग तो दहा-पंधरा मिनिटे झुंजत राहतो, त्याचे स्नायू आम्लाने भरतात, आणि सोडल्यावर तो डोळ्यांदेखत पोहत जातो खरा, पण काही तासांनी तळाशी मरून पडतो. आपल्या उष्ण पाण्यात प्राणवायू मुळातच कमी, म्हणून येथे हा धोका थंड देशांहून अधिक. लहान मासा जड काठीवर धरला तर फार तर मजा कमी येते. मोठा मासा हलक्या काठीवर धरला तर तो जिवाला मुकतो. विकणारा ‘हलकी काठी, जास्त मौज’ असे सांगेल तेव्हा ही मौज कोणाच्या खर्चाने, हे मुलांनी मनात आणावे. गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाकावा, मासा ओल्या हातानेच धरावा, आणि होता होईल तो पाण्याबाहेर काढूच नये.

येथे कावेरीच्या महाशीराविषयी बोलल्यावाचून पुढे जाववत नाही. कुबड्या महाशीर हा या नदीचा खास मासा. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एका गृहस्थाने काबिनी नदीत १२० पौंडांचा महाशीर धरला. तो विक्रम अद्याप सांगितला जातो. पुढे धरणे झाली, सुरुंग लावून मासे मारले गेले, वाळू उपसली गेली. महाशीर वाचविण्यासाठी महाराष्ट्रात जे मोठे काम झाले ते लोणावळ्याला. डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांनी तेथील टाटांच्या जलाशयाकाठी १९७०च्या दशकात महाशीराची अंडी कृत्रिम रीतीने उबविण्याची पद्धत सिद्ध केली. ते काम फार मोलाचे होते. तेथे वाढलेली पिल्ले देशभर गेली, कावेरीतही सोडली गेली. मात्र लोणावळ्याचा महाशीर वेगळ्या जातीचा, निळ्या परांचा. तो कावेरीत इतका रुजला की, मूळचा कुबड्या मागे पडत गेला. कुबड्याचे शास्त्रीय नाव काय, हेदेखील २०१८ साली निश्चित झाले, आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. आता तो मोयारसारख्या मोजक्या पाण्यांत उरला आहे. आपले पूर्वज १६७५च्या सुमारास व्यंकोजीराजांबरोबर या कावेरीकाठी आले आणि इथल्या माणसांत मिसळून गेले. सह्याद्रीचा मासा आला तो असा आला. हेतू चांगला असूनही असे घडते, एवढेच आम्ही म्हणतो. जेथे कुबड्या उरला आहे तेथे आपल्या मुलांनी काठी घेऊन जाऊ नये, असे आमचे स्पष्ट सांगणे आहे. अन्यत्रही अभयारण्याची हद्द कोठे आहे, मत्स्यखात्याचा परवाना कोठे लागतो, हे आधी विचारावे आणि मगच पिशवी भरावी.

काठीच्या द्रव्याविषयी दोन शब्द. एकेकाळी सर्वोत्तम काठ्या वेळूच्या असत, आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर त्यासाठी आपल्याकडचा वेळू वापरीत. कलकत्त्याच्या बंदरातून जाई म्हणून त्याला ‘कलकत्ता केन’ म्हणत. वेळूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासून, एकमेकींना चिकटवून षट्कोनी काठी करावयाची, असे ते नाजूक काम. विसाव्या शतकाच्या आरंभी चीनमधील टोंकिन वेळूने त्याची जागा घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू आला आणि १९७३ साली अमेरिकेत कार्बनतंतूची काठी बाजारात आली. आज दुकानात दिसते ती बहुतेक हीच. नीलगिरीतील जुन्या बंगल्यांच्या लिलावात वेळूच्या काठ्या अजूनही निघतात आणि त्या पाहून मोह होतो. नवशिक्याने तो आवरावा. तुकडा डोळ्यासमोर धरून पाहिल्यास त्यात वाक दिसतो, सांध्याची पितळी टोपी सैल झालेली असते, आणि दुरुस्त करणारा मिळत नाही.

कार्बनच्या काठीबद्दल एक इशारा मात्र आईवडिलांनी नीट ऐकावा. कार्बन हा विजेचा वाहक आहे. आपल्या शेतांवरून, कालव्यांवरून तारा किती खाली लोंबतात, ते आपण रोज पाहतो. ९ फुटी काठी उभी धरून चालणाऱ्या मुलाचा हात धरून आणखी ६-७ फूट उंची होते. तारेखालून जाताना काठी आडवी धरावी, तारेजवळ फेक करू नये, आणि ढग गडगडू लागले की काठी जमिनीवर ठेवून दूर व्हावे. या नियमाला अपवाद नाही.

काठी किती लवचीक असावी, यावर जाणते लोक तासन् तास वाद घालतात. आपण तंजावरकरांनी मान हलविणारी बाहुली पाहावी. बोटाने ढकलली की ती कलते आणि परत येते. हा गुण काठीत हवा. मात्र बाहुली नंतर कितीतरी वेळ डोलत राहते, आणि हा गुण काठीत मुळीच नको. दुकानात काठी जोडून तिला एक झटका द्यावा आणि टोक किती लवकर स्थिर होते, ते पाहावे. फक्त शेंड्याला वाकणारी ताठ काठी पट्टीच्या माणसाला दूरची फेक देते, पण नवशिक्याला ती काही सांगत नाही. मुठीपर्यंत वाकणारी काठी फार सावकाश चालते. मधली घ्यावी. तिच्यात दोराचे वजन हाताला कळते, आणि शिकणाऱ्याला हे कळणे हाच निम्मा गुरू. आपल्याकडे फणसाच्या लाकडाची वीणा घेताना कोणी तार छेडल्यावाचून पैसे देतो काय? काठीही दोर लावून, अंगणात चार फेका करून घ्यावी. ज्या दुकानात एवढी मुभा नाही तेथून निघून यावे. पोस्टाने मागविणे भागच असेल तर ज्या कोणाकडे ६ क्रमांकाची काठी आहे त्याची आधी हाताळून पाहावी. चार तुकड्यांची काठी घेतली तर ती बसमध्ये, आगगाडीत मांडीवर मावते. कड्यांमधून कापसाचा बोळा फिरवून पाहावा. कोठे तंतू अडकला तर ते कडे चिरलेले आहे आणि ते दोर कापीत राहील.

आता दोर. येथे पैसे राखू नयेत. वजन पुढच्या भागात असलेला, तरंगणारा दोर घ्यावा. दोन्ही टोकांना सारखा निमुळता दोरही मिळतो. एक टोक झिजले की उलटवून दुसरे वापरता येते, म्हणून काटकसरी मनाला तो भावतो. पण वाऱ्यात पहिलाच बरा. याहून मोठा प्रश्न उन्हाचा आहे, आणि परदेशी पुस्तकांत तो सापडत नाही. थंड देशांसाठी केलेला दोर आपल्या वैशाखात मऊ पडतो, चिकट होतो, कड्यांना घासत चालतो. उष्ण प्रदेशांसाठी वेगळे दोर मिळतात. त्यांचा गाभा आणि वेष्टन ताठ असते. परंतु तोच दोर घेऊन डिसेंबरच्या पहाटे उदकमंडलमला गेलात तर तो स्प्रिंगसारखा वेटोळ्यांतच राहतो. दोन्हीकडे जाणाऱ्याने काय करावे? पहिल्या वर्षी जेथे अधिक दिवस काढणार तेथला दोर घ्यावा. आपल्या मुलांसाठी तो उष्ण प्रदेशाचाच. डोंगरावर तो पाण्यात उतरविण्यापूर्वी हाताने ताणून सरळ करावा. पुढे ऐपत झाली की चाकाची एक जादा गरारी घेऊन तीवर दुसरा दोर भरावा.

चाकाबद्दल आम्ही फार थोडे बोलणार आहोत. दुकानदार मात्र सर्वांत जास्त त्याबद्दलच बोलतो, कारण त्यात चमक आहे. लहान ट्राउट हातानेच दोर ओढून आणता येतो. तेथे चाक म्हणजे दोर ठेवण्याची जागा. मोठा मासा पळू लागला की मगच चाकाच्या रोधाचे काम पडते, आणि तो रोध गचके न देता, सारखा ओढ देणारा असावा. हाताने दोर ओढून हे दुकानातच कळते. ६ क्रमांकाचा दोर आणि त्यामागे सुमारे १०० यार्ड बारीक पाठदोर मावेल एवढे चाक घ्यावे. मधला गाभा रुंद असलेले घेतले तर दोराला कमी वेटोळी पडतात. मूठ कोणत्या हाताने फिरवावयाची, ते दोर भरण्याआधीच ठरवावे, कारण रोधाची दिशा त्यावर अवलंबून असते. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डाव्या हाताने फिरवावे, हे आम्हांस सोयीचे वाटते. जुनी मंडळी उलटे करतात. खाऱ्या पाण्यात नेल्यास घरी येताच गोड्या पाण्याने धुवावे.

दोराच्या टोकाला ९ फुटांचा, निमुळता होत जाणारा नायलॉनचा तंतू लागतो आणि त्याच्या टोकाला माशी. उन्हात पडलेले नायलॉन लवकर कच्चे होते, म्हणून ते कपाटात ठेवावे आणि दरवर्षी बदलावे. माश्या पहिल्या वर्षी डझनभर पुरे होतात. मोराच्या पिसाचे तंतू आणि राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसे यांना विलायतेतील माश्या बांधणारे एकेकाळी सोन्यासारखे जपत. हा रानकोंबडा आपल्याच दक्षिणेतील रानांतला. आता कायद्याने त्याला संरक्षण आहे. तेव्हा माश्या बांधावयास बसणाऱ्या मुलींनी शिवणाच्या टोपलीतील लोकर, रेशीम आणि घरच्या कोंबडीची पिसे यांवर भागवावे. चिलापीला तेवढे पसंत पडते, असा आमचा अनुभव आहे.

शिकावे कोठे? पाण्यावर तर मुळीच नको. मेत्तूरचे पाणी सुटले की आपले कालवे गढूळ होतात आणि गढूळ पाण्यात माशी दिसत नाही. शिवाय पाण्याशी उभे राहिले की मुलाचे लक्ष माशाकडे जाते आणि हात बिघडतो. शाळेचे मैदान उत्तम. गळाऐवजी तंतूला लाल लोकरीचा तुकडा बांधावा, डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी घालावी, वीस फुटांवर परात ठेवावी आणि रोज संध्याकाळी पंधरा मिनिटे तीत लोकर पाडावी. दोन महिन्यांनी परात तीस फुटांवर न्यावी. नीलगिरीच्या ओढ्यात याहून लांब फेकण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

मैदानाची परवानगी मिळाल्याचे चिटणीसांनी आताच सांगितले आहे. आमची एक काठी आणि चाक मंडळाच्या कपाटात ठेवण्यासाठी आम्ही आणले आहे. काठी ९ फुटी, ६ क्रमांकाची, काचतंतूची आहे. जुनी आहे, पण कडी शाबूत आहेत. ज्यांनी पैसे जमविले आहेत त्यांनी ते अजून दोन महिने तसेच राहू द्यावेत, पाळीपाळीने ही काठी वापरावी, आणि ज्यांची लोकर परातीत पडू लागेल त्यांनी आम्हांस निरोप पाठवावा. खरेदीला आम्ही बरोबर येऊ.